माळवदाची माती आन् कवठाळीचं पाणी

कवठाळीत आमच्या जाफरमामूंना कुणी कधी नावानं हाक मारली न्हाय. हिंदू असू दे, मुसलमान असू दे, म्हातारं असू दे न्हायतर शेंबडं पोरगं, सगळ्यांचे ते जावईबापू. दाढी पांढरी झाली, दात गेले, तरी गावात पाय ठिवला की कुणीतरी ओसरीवरनं वरडायचंच, "जावईबापू आले रं, बाजेवर गोधडी टाका!"

आता मामू न्हायत. शंभरीजवळ जाऊन गेले, म्हणून लोकं म्हणत्यात रडू नका, सोनं झालं. पण घरातलं माणूस ते घरातलं माणूस.  म्हणून म्हणलं, हे एकदा सांगून टाकावं, हमिदामामी सांगायची तसं. मामी तर त्यांच्या आधीच गेली. ती सांगायला बसली की मामू उठून भायेर जायचे. पण लांब न्हाय जायचे. दाराआड उभं राहून ऐकायचे, आन् कुठं चुकलं की तिथनंच बोलायचे.

मामू नळदुर्गचे. बाप पखाली, पाठीवर चामड्याची पखाल घेऊन घरोघर पाणी घालायचा. मामूंच्या बी पाठीवर पखालच यायची, पण त्या टायमाला मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, गावोगाव पाण्यासाठी बोअर मारायला सरकारी टोळी फिरत व्हती, तिच्यात मामू रस्सा वढायला लागले. तवा कुठलं मशीन आन् कुठलं इंजन! तीन वासे उभे करायचे, वर चाक, चाकावरनं जाड रस्सा, रस्स्याला माणसाच्या उंचीची लोखंडी पहार. गड्यांनी वढायची आन् सोडायची, वढायची आन् सोडायची. दगड कुटत कुटत खाली जायचं. मधनंमधनं बुडाला झडप असलेलं लांब नळकांडं सोडायचं, त्यात कुटलेला चिखल भरून वर यायचा.

मामूंचा हात लई तयार. रस्सा मुठीत धरला की खाली काय हाय ते तळव्याला कळायचं. काळा पाषाण असला की रस्सा झणझणतो, मुरूम लागला की मऊ पडतो. ह्या हातापायीच मामू तरणेपणी मिस्त्री झाले. टोळीतले म्हातारे गडी बी "मिस्त्री, बघा वो जरा" म्हणून रस्सा त्यांच्या हातात द्यायचे.

लग्न झालं कवठाळीच्या सकिनाबीच्या लेकीशी, म्हणजे आमच्या हमिदामामीशी. कवठाळी म्हणजे मुरमाड टेकाडावरचं गाव. माती चांगली, माणसं चांगली, पाणी तेवढं न्हाय. होळी सरली की गावची हीर बुडाला दगड दाखवायची. मंग बायकांनी वढ्याच्या वाळूत झिरा उकरायचा, खड्ड्यात वाटीभर पाणी गोळा व्हायची वाट बघायची, आन् वाटी वाटीनं घागर भरायची. एका घागरीला अर्धी सकाळ. मामी ह्या झिऱ्यावरच ल्हानाची मोठी झालेली.

ते दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस व्हते. मामी पयल्या बाळंतपणाला माहेरी आली, आन् त्याच उन्हाळ्यात मामूंची टोळी कवठाळीला आली. कोरड्या हिरीच्या बुडात बोअर मारायचं ठरलं.

सासूला भारी लाज वाटली. "दुल्हेमियाँ," सकिनाबी पदर सावरत म्हणली, "सासरवाडीत जावयानं बाजेवर बसायचं असतं. तुमी हिरीत उतरून चिखल काढनार? लोकं काय म्हणतील?"

"अम्मा, लोकं पाणी पितील आन् मंग काय म्हणायचं ते म्हणतील," मामू म्हणले.

गावात बंडप्पाचं दुकान व्हतं, मीठ-मिरची आन् रॉकेलचं. माणूस दिलदार, पण जिभेला हाड न्हाय. ते रोज हिरीच्या काठावर येऊन बसायचे. "का वो जावईबापू, आमच्या गावानं पोरगी दिली ती कमी पडली, आता जमिनीत बी हात घालताय व्हय!"

मामी बी गप बसणारी न्हवती. झिऱ्यावर सगळ्या बायकांच्या म्होरं तिनं शेजारच्या मथुराबाईला सांगून टाकलं, "काकू, पुढल्या होळीला तुमी इथं वाटी घेऊन बसत न्हाय. माझा माणूस पाणी काढल्याबिगर उठत न्हाय." बोलून गेली, आन् गावानं ते धरून ठिवलं. त्या दिवसापासनं ते बोअर नुसतं सरकारी राहिलं न्हाय. जावयाची अब्रू आन् गावचं पाणी एका रस्स्याला बांधलं गेलं.

वरचा काळा दगड फुटला. त्याच्या खाली लाल मातीचा थर लागला, गेरूसारखा. तो ओला झाला की फुगायचा आन् ढासळायचा. सकाळी जेवढं भोक पाडावं तेवढं दुपारपतोर बुजायचं. दुसऱ्या टायमाला असं झालं असतं तर लोखंडी नळी घातली असती. पण लोखंड सगळं लढाईवर. टोळीचे ओव्हरसिअर कल्याणप्पा म्हणून व्हते, आळंदकडचे, मराठीत कानडी मिसळून बोलायचे. त्यांनी वर तीनदा माणूस धाडला, नळी काय आली न्हाय.

"यप्पा, आता काय करायचं रे जाफर?" कल्याणप्पा म्हणले. "मी वाळूच्या मुलखात बघितलोय, तिथं बोअरात मातीचा दाट गारा भरून ठेवतात. गारा भोकाला आतनं धरून ठेवतो, ढासळू देत न्हाय. इथं करून बघायचं का?"

मामूंना पटलं. आता माती कुठली घ्यायची? काळी माती वाळली की भेगाळती. मामूंनी सासरवाडीची माळवदं बघितलेली. आपल्याकडं घरावर पत्रा न्हाय, कौल न्हाय. लाकडावर माती थापून सपाट माळवद करायचं, आन् त्यावर गावठाणातली पांढरी माती. आन् कवठाळीची पांढरी म्हणजे आसपासच्या गावांत नावाजलेली. लोकं गाड्या भरून न्यायचे. किती का पाऊस पडंना, आत थेंब गळत न्हाय.

मामूंनी पांढरी मागितली आन् गाव हरखलं. आपली माती सरकारी कामाला लागली म्हणल्यावर काय! बायकांनी टोपल्या भरून आणल्या, पोरांनी पायानं तुडवली, पार ताकासारखी घोटून बोअरात वतली. आन् खरंच, लाल थर जिथल्या तिथं थांबला. भोक गुळगुळीत, कुंभाराच्या मडक्यागत. कल्याणप्पांनी मामूंच्या पाठीवर थाप मारली. पहार खाली खाली चालली.

मंग एक दिवस पहार पडली ती ठण्ण वाजलीच न्हाय. हातभर आपसूक खाली गेली. रस्सा मामूंच्या हातात सैल पडला. आन् बोअरात भरलेला गारा बघता बघता उतरायला लागला. वरनं वतावं, खाली गायब. अजून वतावं, अजून गायब.

"अरारा," बंडप्पा काठावरनं म्हणले, "ह्याचं पोट जावयापेक्षा मोठं निघालं की! सकिनाबी, भाकरी बी टाका आत, बघा भरतंय का."

आता गारा गेला म्हणजे भोक उघडं पडणार, वरचा थर ढासळणार, सगळी मेहनत मातीत. मामूंनी तेच केलं जे कवठाळीतलं कुणीबी गळक्या माळवदाला करतं. माती अजून दाट केली, त्यात बारीक भुसकट मिसळलं, आन् गोळे करून आत सोडून वरनं पहारीनं ठेचलं. गाव सगळं टोपल्या वाहत व्हतं. संध्याकाळपतोर गळती थांबली. गारा काठोकाठ उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मामी हितवर सांगत आली की दाराआडनं मामूंचा आवाज यायचा, "हाताला कळलं व्हतं. हात म्हणत व्हता हितं कायतरी हाय. डोक्यानं ऐकलं न्हाय."

अजून खाली जाऊन पहार थांबवली. आता गारा उपसायचा आन् पाणी बघायचं. नळकांड्यानं गारा काढला. बोअर रिकामं झालं; लाल थर आता भोकाला बसलेल्या मातीच्या लेपानंच धरून ठिवला व्हता. सगळं गाव हिरीभवती. वाट बघितली. दोरीला दगड बांधून सोडला, वर आला तो बुडाला चिकट माती घेऊन. दुसऱ्या दिवशी सोडला, तसाच. पाण्याचा टिपूस न्हाय.

कल्याणप्पांचं तोंड उतरलं. ते वाईट माणूस न्हवते. मामूंना बाजूला घेऊन म्हणले, "जाफर, येत्या बाजाराच्या दिवशी सामान अणदूरला हलवा म्हणून वरनं हुकूम आलाय. इथं पाणी न्हाय म्हणून कळवावं लागतंय. एकदा तसं कळवलं ना, मग ह्या गावात परत कुणी वासे उभे करणार न्हाय बघ."

 लोकांनी टोमणे मारले असते तर बरं झालं असतं. पण कुणी काय बोललंच न्हाय.  उलट बंडप्पांनी दुकानातनं गूळ धाडला, जावई दमला म्हणून. तो गूळ मामूंनी तसाच सकिनाबीच्या हातात ठिवला.

मामी झिऱ्यावरनं आली, घागर उतरवली आन् भिंतीला टेकून बसली. पोट पुढं आलेलं, धाप लागलेली.

"काय झालं गं?" मामूंनी विचारलं.

"काय न्हाय. मथुराकाकूनं सरकून मला झिऱ्यावर जागा करून दिली. म्हणली, बस गं, उन्हाची उभी नको राहू."

मामू समजले. रागानं बोलली असती तर भांडण झालं असतं. हिनं तर मायेनं जागा दिली, म्हणजे पुढल्या होळीला बी ही इथंच बसणार असं मथुराबाईनं धरून चाललं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकिनाबी माळवदावर चढली व्हती. चुलीच्या वर धूर जायला माळवदात साणं ठिवतात ना, त्याच्या कडंची माती निघाली व्हती, ती लिंपत व्हती. मामू खाली चुलीपाशी भाकरी खात बसलेले. जेवणावर ध्यान न्हवतंच. कवठाळीत एक रीत हाय. माळवद लिंपलं की वरनं तांब्याभर पाणी वतून बघायचं, आन् खाली जो कुणी असंल त्यानं वर बघून सांगायचं. पाहुणा असू दे न्हायतर जावई, सांगावंच लागतं.

वरनं हाक आली, "दुल्हेमियाँ! थेंब आला का खाली?"

मामूंनी वर बघितलं. "न्हाय, अम्मा."

"अजून वतते. आता?"

"न्हाय."

"येईल कसा?" सकिनाबी वरनं अभिमानानं म्हणली. "कवठाळीची पांढरी हाय. हिच्यातनं पाणी उतरत न्हाय, दुल्हेमियाँ. वर तळं साचू दे, घरातलं माणूस कोरडंच."

मामूंचा घास हातातच राहिला.

मामीनं बघितलं आन् घाबरी झाली. "काय झालं वो? कालवण खारट झालं का?"

मामू उठले ते हात न धुताच शिडीवर. माळवदावर जाऊन लिंपलेल्या मातीपाशी उकिडवे बसले. वर पाणी उभं, ताटात वाढल्यासारखं. अंगठ्यानं मातीचा पापुद्रा उचकटला. खाली खडखडीत कोरडं. मामू हसायला लागले. सकिनाबीनं तोंडावर हात ठिवला. तिला वाटलं, जावयाला ऊन लागलं.

"अम्मा," मामू म्हणले, "पाणी हाय. पाणी माळवदावर उभं हाय आन् आपण घरात बसून थेंबाची वाट बघतोय."

असंच उष्ट्या हातानं मामू चावडीवर गेले. तिथं कल्याणप्पा बसलेले, बंडप्पा, चार मोठी माणसं. आता बघा, कुणी दुसरा असता तर म्हणला असता, साहेब, मला अजून एक प्रयत्न करू द्या. तेवढ्यावर भागलं असतं. मामूंनी तसं न्हाय केलं. सासरवाडीच्या चावडीवर, सगळ्यांच्या म्होरं उभं राहून सांगितलं.

"पाणी लागलं व्हतं. म्या ते बुजवलं."

कल्याणप्पा पुढं सरकून बसले.

"ज्या दिवशी बोअर गारा प्यायला लागलं, त्या दिवशी पहार पाण्याच्या भेगांत घुसली व्हती. दगडाला आत वाटा असल्याबिगर तो एवढा गारा गिळंल कसा? ज्या वाटंनं गारा आत गेला त्याच वाटंनं पाणी भायेर येणार व्हतं. आपण काठोकाठ गारा भरून ठिवला, त्याच्या वजनानं माती भेगांत जाऊन बसली. वरनं म्या भुसकट घालून ठेचली. माळवदाची माती हाय ती. तिचं कामच पाणी अडवायचं. तिनं अडवलं."

बंडप्पा उठून उभे राहिले. "म्हणजे आमी टोपल्या वाहून वाहून आमचंच पाणी कोंडलं म्हणा की!"

"तुमी न्हाय. माती म्या मागितली. तुमी तर जावयाला न्हाय कसं म्हणायचं म्हणून दिली."

कल्याणप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठिवली. "गारा घाल म्हणून मीच बोललो की रे," ते म्हणले. "तुझी एकट्याची चूक कशाला सांगतोस? मी वाळूचं बघितलं, ते दगडाला लावलं. वाळूत तरी कुणाला ठाऊक, किती पाणी असंच बुजवून आलोय." मंग म्हणले, "बाजारापतोर वेळ आहे. पण जाफर, भोकातला मातीचा लेप काढलास की लाल थर खाली येणार. त्याला काय धरणार?"

लोखंडी नळी तर मिळणार न्हवती. 

"रॉकेलचे डबे चालतील का?" बंडप्पांनी विचारलं.

सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं.

"बघताय काय? पत्राच हाय न्हवं तो? कापून गोल करायचा, एकाला एक डाग द्यायचा. आपला मुनवर कलईवाला कशाला बसलाय? थर केवढा, दोन माणसं एकावर एक उभी राहतील तेवढा. तेवढी नळी न्हाय व्हायची?"

मामूंनी वाकून बंडप्पांचे पायच धरले. "ए, ए, जावयानं पाया पडायचं नसतं," बंडप्पा मागं सरत म्हणले, "मला पाप लावता का!"

गावानं डबे काढले. कुणाच्यात ज्वारी व्हती, कुणाच्यात मीठ, ते मडक्यांत वतून घेतलं. मथुराबाईचा एकच डबा, त्यात तुळस. ती म्हणली, तुळस कुठं ठिऊ, मी न्हाय देत. आन् उन्हं उतरायच्या आत तुळस फुटक्या घागरीत लावून डबा काखंत मारून आली. मुनवरनं पत्र्याची अशी नळी केली, बोअरात अलगद बसंल अशी. तारेनं टांगून लाल थराला आतनं अडवंल अशी सोडली.

मामू चालत नळदुर्गला जाऊन आले. त्यांचे वडील वारून फार दिस झाले न्हवते. त्यांची पखाल घरात खुंटीला व्हती, तेल लावून जपलेली. मामूंनी तिला कात्री लावली. चामड्याच्या गोल चकत्या कापल्या, लाकडाच्या चकत्यांमधी दाबून लोखंडी गजावर बसवल्या. पिचकारीला आत दट्ट्या असतो ना, तसा दट्ट्या. बोअरात सोडायचा, रस्सा जोरात वढायचा. वर येताना तो भेगांतली माती चोखून घेणार. खाली जाताना पाणी भेगांत ढकलणार. आत भायेर, आत भायेर, चूळ भरल्यासारखं.

पण चूळ भरायला पाणी पायजे. तेबी नितळ. गढूळ वतलं की परत तीच गत.

मामूंना ते मागायची हिंमत झाली न्हाय. अख्ख्या गावात पाणी व्हतं ते झिऱ्यावरचं, वाटी वाटीनं भरलेलं, लेकरांच्या पिण्याचं. ते कोरड्या भोकात वता म्हणून कोणत्या तोंडानं म्हणायचं? एकदा ह्यांनी माती मागितली, काय झालं ते दिसलंच.

मागितलं मामीनं. बाजाराच्या आदल्या सकाळी झिऱ्यावर गेली, आपली घागर भरली, डोक्यावर घेतली आन् घराकडं न जाता हिरीकडं वळली. कुणाला काय बोलली न्हाय. मागं मथुराबाई निघाली.

"कुठं चालली गं एवढ्या पोटाची?"

"बोअरात वतायला."

"आन् घरात?"

"आज घरात न्हाय."

मथुराबाई तिथंच उभी राहिली. मंग म्हणली, "दे हिकडं ती घागर, हिरीत पडशील," आन् मामीची घागर काढून आपल्या डोक्यावर घेतली, आपली कमरंवर. मागनं एकेक बाई उठली. लुगड्याच्या पदरानं घागरीत पाणी गाळून गाळून बोअरात सोडलं.

दट्ट्या चालू झाला. टोळीचे गडी, गावचे गडी, बंडप्पा रस्स्याला. कल्याणप्पांनी कोट काढून वाशाला अडकवला आन् तेबी लागले. वढा, सोडा. नळकांड्यानं उपसा. पांढरं निघायचं. दुधागत पांढरं, त्यात भुसकटाच्या काड्या. टाका बाजूला. परत पाणी वता, परत वढा. ऊन डोक्यावर आलं, अजून पांढरंच.

"जावईबापू," बंडप्पा घाम पुसत म्हणले, "एवढ्यात तर माझ्या घरचं माळवद लिंपून झालं असतं."

"व्हईल, तेबी व्हईल. वढा तुमी."

ऊन कललं. शेवटची घागर आत गेली. आता बायकांकडं थेंब उरला न्हवता. मामूंनी दट्ट्या वर घेतला, सोडला, परत वर घेतला, आन् एकदम म्हणले, "थांबा!"

सगळे थांबले. मामूंनी रस्सा दोन्ही मुठीत धरला, डोळे मिटले. रस्सा हलत व्हता. कुणी वढत न्हवतं, तरी खालनं कुणीतरी बारीक बारीक धक्के देत व्हतं. मामू हलले न्हायत. ह्या खेपंला हात काय म्हणतोय ते डोक्यानं ऐकलं.

"नळकांडं सोडा."

वर आलं ते तांबडं-पांढरं, गढूळ, त्यात बारीक खडा. लोकांची तोंडं पडली. चिखलच की हा. मामूंनी मनगट आत घातलं आन् तसंच ठिवलं. मंग मथुराबाईला हाक मारली. "काकू, हिकडं या. हात घाला ह्यात."

मथुराबाईनं घातला आन् चटका बसल्यागत मागं घेतला. "अगं बया! गार हाय!"

झिऱ्याचं पाणी उन्हानं कोमट झालेलं व्हतं. हे गार व्हतं. हे वतलेलं न्हवतं, हे दगडातलं व्हतं.

मंग कुणाला दम म्हणून न्हाय. उपसलं, वढलं, उपसलं. जसजशा भेगा सुटत गेल्या तसं पाणी चढत गेलं. दिवस मावळायच्या आधी बोअराच्या तोंडातनं पाणी भायेर पडलं आन् हिरीच्या कोरड्या दगडावर पसरलं. कल्याणप्पा चिखलात मांडी घालून बसले आन् कानडीत कायतरी देवाला बोलले. सकिनाबी काठावरनं वरडत व्हती, "दुल्हेमियाँ, आता तरी वर या, कपडे बघा की काय झाले!"

दुसऱ्या दिवशी टोळी ठरल्याप्रमाणं अणदूरला गेली. जाताना हिरीत गुडघाभर पाणी व्हतं. पुढं कितीतरी दिस त्या पाण्याला पांढऱ्या मातीचा वास यायचा. बायका पाहुण्यांना पाणी देताना म्हणायच्या, "प्या, सकिनाबीच्या माळवदाचं हाय." मंग तो वास गेला. पुढल्या होळीला झिऱ्यावर वाटी घेऊन कुणी बसलं न्हाय.

त्यानंतर मामूंनी माळवदाची माती बोअराला लावली न्हाय. लाल थराला डब्यांची नळी, आन् आत नुसतं नितळ पाणी. नाइलाजानं गारा घालावाच लागला तर पातळ, कामापुरता, आन् पाण्याच्या भेगा लागायच्या आधी उपसून टाकायचा. बोअर प्यायला लागलं की गड्यांना म्हणायचे, "हात आखडा. तिथंच हाय ते." कल्याणप्पांनी मागनं एकदा सांगितलं, आसामात रॉकेलचं तेल जमिनीतनं काढतात, तिथं बी बोअरात माती घालतात, आन् तिथल्या बी दगडाची तोंडं अशीच बुजतात म्हणं. मामूंना त्याचं नवल न्हाय वाटलं. म्हणले, "दगडाला काय, पाणी काय आन् तेल काय. दार लिंपलं की झालं."

आन् मामूंची सवय अशी, की दुसऱ्या टोळीचा कुणी मिस्त्री काम विचारायला आला की पयलं वाक्य हेच, "म्या सासरवाडीत एक बोअर बुजवलं व्हतं." पाणी काढल्याचं मागनं. मामीला ते सोसायचं न्हाय. आतनं भांडं आपटायची. "अवो, पाणी काढलं ते आधी सांगा की! येणारा माणूस काय समजंल?"

"त्यानं तसं करू न्हाय, एवढं समजलं की बास झालं," मामू म्हणायचे.

कैक वर्सं ह्याच्यावरनं भांडली ती दोघं. पण एकदा मामी लेकराबाळांना घेऊन कवठाळीला गेलती. हिरीवर गावातली एक नवी सून पाणी शेंदत व्हती. तिला कुणीतरी मामीकडं बोट करून सांगितलं, "हिच्या मालकानं काढलेलं पाणी हाय बरं का हे."

मामीनं घागर खाली ठिवली. "नुसतं काढलं काय म्हणताय?" ती म्हणली. "आधी ह्यांनीच बुजवलं, मंग काढलं. पाणी काढणारे ढिगानं हायत. बुजवल्यालं कोण सांगतंय? माझ्या माणसानं सांगितलं. सासरवाडीत, चावडीवर, उष्ट्या हातानं उभं राहून. हाय का तुमच्या कुणाचा असा जावई?"

मथुराबाई तिथंच व्हती, म्हातारी झालेली, रहाटाला टेकून बसलेली.

"न्हाय बाई," ती म्हणली. "आमच्या गावाला एकच मिळाला."